आतून लावायच्या कड्या

"इथं कोणी बंदूक घेऊन येणार नाही, इथली मुलं आपणहून दाराआड जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही."

हे वाक्य लतिका सबनीस २०१३च्या जानेवारीत, दुबईच्या अल कुसैस भागातल्या एका भारतीय शाळेच्या स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाली. मीटिंगच्या मिनिट्समध्ये ते आलं नाही. तिथं आलं ते असं: 'सेफ्टी को-ऑर्डिनेटरनी वर्गांच्या दारांबाबत सूचना मांडल्या. चर्चेअंती कड्या बसवण्याचे ठरले.' तिची सूचना होती की या कड्या बसवू नका.

लतिकाबद्दल सांगायचं तर तिच्या रागापासून सुरुवात करावी लागते, कारण शाळा तिला त्यावरूनच ओळखत असे. सबनीस मॅडम पार्किंगकडे निघाल्या असं दिसलं की बसचे ड्रायव्हर मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक बाकाखाली वाकून बघत, एखादं झोपलेलं पोर राहिलंय का म्हणून. तिचा राग आरडाओरड्याचा नव्हता. ती आवाज खाली आणायची, इतका खाली, की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागे. एकदा मागच्या जिन्याच्या दाराला साखळी घातलेली तिला दिसली. मोठी मुलं तिथून तास बुडवून पळतात म्हणून घातली होती. तिनं दोन अर्ज केले. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या कारखान्यातली भलीमोठी कातर पर्समध्ये मावेना म्हणून भाजीच्या पिशवीत घालून घेऊन आली आणि साखळी तोडली. साखळीचं दुसरं टोक धरायला शाळेतली आया हव्वाबी उभी होती. रत्नागिरीकडची, साठीला आलेली बाई. ती नंतर सगळ्यांना सांगत फिरली, "बाईनी साखळी कापली नाय, लोणी कापलं."

दुबईत आली तेव्हा ती अशी नव्हती. पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करून तिनं सहा वर्षं दोन शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम केलं होतं. २००७ साली शैलेंद्रला इथं प्लॅनिंग इंजिनियरची नोकरी लागली. जुमेरा लेक टॉवर्समध्ये बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. खिडकीतून क्रेन दिसत. सकाळी उठून मुलगी अवनी त्या मोजायची, आणि रोज आकडा वाढलेला असे. पुढच्या एप्रिलमध्ये लतिका या शाळेत लागली. शाळेची पहिली समुपदेशक. लायब्ररीशेजारी तिला खोली मिळाली: दोन खुर्च्या, एक टेबल, निळा पडदा. पहिला महिनाभर कोणी आलं नाही. मग एकजण आला, आणि मग मधल्या सुट्टीत दारापाशी मुलं घुटमळू लागली. ती काही फार बोलायची नाही. पाण्याचा ग्लास पुढं करायची आणि थांबायची.

मग क्रेन थांबल्या. हलत नव्हत्या, उतरवल्याही जात नव्हत्या, नुसत्या उभ्या. २००९च्या फेब्रुवारीत शैलेंद्रच्या कंपनीनं एका दुपारी एकशेचाळीस माणसं काढली. चार महिन्यांनी त्याला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कारखान्यात, जवळपास निम्म्या पगारावर काम लागलं. त्यांनी अल कुसैसमध्ये जुन्या इमारतीत बिऱ्हाड हलवलं. शाळेच्या ऑफिसबाहेर टीसीसाठी, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, पालकांची रांग लागायची. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, वर्गात पाच बाक रिकामे असत, पुढच्या रविवारी आठ. जी मुलं मागं राहिली ती रिकाम्या बाकांकडे बघत. नेमक्या त्या महिन्यांत लायब्ररीशेजारची खोली बंद झाली.

"वहिनी, तुम्हाला काढत नाही आहोत," उपेंद्र देसाई म्हणाला. तो शाळेचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर, मूळचा दादरचा. महाराष्ट्र मंडळात शैलेंद्रशी ओळख, म्हणून वहिनी. "पद काढतोय. तुम्ही आहातच की. तपासणीला येतात त्यांना सेफ्टी को-ऑर्डिनेटर म्हणून एक नाव लागतं. तुमचं टाकू."

"मला त्यातलं काही येत नाही."

"त्यात काय यायचंय? लाल सिलिंडर मोजायचे. नवऱ्याच्या व्हिसावर आहात, आमचा तो खर्च वाचतो, आम्हाला परवडता. अवनीची फी निम्मी माफ राहील. आणखी काय पाहिजे?"

निळा पडदा निघाला. तिथं झेरॉक्स मशीन आलं.

चार वर्षं तिनं लाल सिलिंडर मोजले. ते काम ती नीट शिकली, कारण अर्धवट काम तिला जमतच नसे. फक्त एका बाबतीत तिनं ढिलाई केली, आणि ती इथं सांगायला हवी. दर एप्रिलमध्ये उपेंद्र तिच्यापुढं बारा छापील फॉर्म ठेवायचा. दर महिन्याच्या ड्रिलचा, म्हणजे आणीबाणीच्या सरावाचा, अहवाल. "सह्या करून ठेवा वहिनी. तारखा आणि बाकीचं ऑफिस भरेल. सगळीकडे असंच चालतं." साखळीसाठी कातर आणणारी ही बाई त्या कोऱ्या फॉर्मवर खाली मान घालून बारा सह्या करायची. तिला ते कागद म्हणजे कचरा वाटत. कचऱ्यावर कोण भांडणार?

२०१२च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत एक तरुण बंदूक घेऊन शिरला आणि त्यानं लहान लहान मुलं मारली. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. जानेवारीत सात भारतीय शाळांची इंग्रजी वादविवाद स्पर्धा व्हायची होती. विषय ठरला: शाळांच्या रक्षणासाठी सशस्त्र पहारेकरी नेमावेत. प्रत्येक शाळेचे दोघे, एक बाजूनं, एक विरोधात. या शाळेकडून विरोधात अवनी होती, आता अकरावीत गेलेली. आणि बाजूनं तिच्याच वर्गातली मैथिली दळवी. इंग्रजीच्या बाईंनी लतिकाला विनंती केली, मुलींना मानसिक आरोग्याचा मुद्दा जरा समजावून द्या.

लायब्ररीत मैथिली आपला कागद वाचून दाखवत होती. बंदूक माणसं मारत नाही, आजारी मन मारतं, म्हणून पहारा हवा. वाक्यं कुठल्या तरी वेबसाइटवरून घेतलेली.

"हे कुणी सांगितलं तुला?" लतिकाचा आवाज खाली आला. "जगात सगळीकडे माणसं आजारी पडतात. सगळीकडे शाळेत गोळ्या सुटतात का? तिथं बंदूक दुकानात मिळते, म्हणून सुटतात. ते आजारपणावर ढकलणं सोपं, कारण आजारी माणूस उलट बोलत नाही. मी सहा वर्षं अशा मुलांबरोबर बसलेय. ती दुसऱ्याला मारायला जात नाहीत. त्यांच्या हातून इजा झालीच तर ती बहुतेक एकालाच होते. स्वतःला."

"आई, दॅट्स माय साइड," अवनी म्हणाली. "हर साइड नीड्स समथिंग एल्स. चिल. इट्स जस्ट अ मोशन."

मैथिलीनं लतिकाचं ते शेवटचं वाक्य मात्र वहीत उतरवून घेतलं. मुली गेल्या. दोन मिनिटांनी मैथिली एकटी परत आली, कंपासपेटी राहिली म्हणून. कंपासपेटी तिच्या हातातच होती.

"मॅम, तुम्ही म्हणालात ते. स्वतःला." ती मराठीत बोलत होती. या मुली मराठीत क्वचितच बोलत. "तसं नुसतं मनात येत असेल तर?"

लतिकानं खुर्ची ओढली. पाणी नव्हतं, म्हणून नुसतीच थांबली.

मैथिलीच्या वडिलांची नोकरी २००९मध्ये गेली होती आणि मग कमी पगाराची दुसरी लागली होती. त्यांनी दोनपैकी एक बेडरूम दुसऱ्या कुटुंबाला दिली. तीन वर्षं मैथिली हॉलमध्ये पडद्यामागं झोपत होती. त्या घरात तिला लावून घेता येईल असं दार एकच, बाथरूमचं, आणि तिथं पाच मिनिटांत कोणी तरी ठोठावायचं. आईवडील रोज एकच बोलत: हिची बारावी झाली की आपण मोकळे, की गेलो परत. पडदा पातळ असतो.

"मी नसते तर ते केव्हाच गेले असते ना," मैथिली म्हणाली. रडत नव्हती. गणिताचं उत्तर पडताळून बघावं तसं विचारत होती.

लतिकानं त्याच दुपारी तिच्या आईला फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं. "ह्यांच्या कानावर घालते," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैथिलीचे वडील उपेंद्रच्या केबिनमध्ये होते. माझी मुलगी वेडी आहे का? ही बाई सिलिंडर मोजते ना? मग माझ्या घरात कशाला डोकावते? इथं कुणाच्या फाइलवर असलं काही चढलं तर आम्ही कुठं जायचं?

दुपारी लतिकाला पत्र मिळालं. आपल्या पदाच्या कक्षेबाहेरचं समुपदेशन तातडीनं थांबवावं, अन्यथा कारवाई. पत्र देताना उपेंद्र हसला. "मनावर घेऊ नका. फॉर्मॅलिटी. पण खरंच थांबवा हं."

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. ज्यांनी आयुष्यात बंदूक फक्त मॉलच्या खेळण्यांच्या दुकानात पाहिली ती मुलं अमेरिकेच्या घटनेची कलमं घडाघडा म्हणत होती. पालक माना डोलावत होते. अवनी छान बोलली. तिच्या आवाजात धार होती, आणि ती कुणाची हे तिच्या आईला ठाऊक होतं. मग मैथिली उभी राहिली. तीन मिनिटं ती कागदाप्रमाणे बोलली. मग तिनं कागद खाली ठेवला.

ती इंग्रजीत म्हणाली ते साधारण असं: पहारेकरी नेमा, पण त्याआधी प्रत्येक शाळेला एक खोली द्या, जिथं जाऊन बोलता येतं. आमच्याकडे होती. आता तिथं झेरॉक्स मशीन आहे.

हॉल हसला. तिनं विनोद केला असंच सगळ्यांना वाटलं. ती हसणं संपायची वाट बघत उभी राहिली, आणि पुढं काय बोलायचं ते तिला आठवेना. घंटा झाली. बाजू सोडून बोलली म्हणून परीक्षकांनी गुण कापले. पहिलं बक्षीस अवनीला मिळालं.

बाहेर पॅसेजमध्ये मैथिली लतिकासमोर येऊन उभी राहिली. "मॅम, माझं चुकलं का?"

दहा पावलांवर उपेंद्र पाहुण्यांना निरोप देत होता, आणि देता देता इकडे बघत होता. पत्र लतिकाच्या पर्समध्ये होतं. अवनी ट्रॉफी घेऊन धावत येत होती.

"परीक्षा झाली की बोलू, हं," लतिका म्हणाली.

ते 'हं' तोंडातून निघालं आणि तिला कळलं की हे उपेंद्रचं आहे. पण मैथिली मान हलवून गेली होती.

वादविवादाचा परिणाम मात्र झाला. पालकांची पत्रं आली: आमच्या मुलांसाठी शाळा काय करतेय? शाळा काही तरी करायला उत्सुकच होती, फक्त ते दिसणारं हवं होतं. कुणी तरी एका अमेरिकन शाळेची लॉकडाऊन ड्रिलची फाइल नेटवरून उतरवून घेतली. त्यात लिहिलं होतं, हल्लेखोर आत येऊ नये म्हणून दार आतून बंद करता आलं पाहिजे. मीटिंगमध्ये लतिका उभी राहिली आणि सुरुवातीला दिलं ते वाक्य बोलली. पुढं म्हणाली, "कड्या बसवायच्याच असतील तर बाहेरून किल्लीनं उघडतील अशा बसवा. आणि त्या पैशातून समुपदेशक परत नेमा. मी नको. दुसरं कुणीही चालेल."

"किल्लीवाली तिप्पट किमतीला आहे, वहिनी," उपेंद्र म्हणाला. "आणि समुपदेशक फोटोत दिसत नाही."

सगळे हसले. चांगलं बोलायचा तो. सेहेचाळीस दारांना आतून लावायच्या साध्या लोखंडी कड्या बसल्या. शाळेच्या पत्रिकेत त्यांचा फोटो आला.

ड्रिल फेब्रुवारीच्या तिसऱ्या बुधवारी झालं. स्पीकरवरून घोषणा, दिवे बंद, मुलं भिंतीला टेकून खाली बसलेली, सगळीकडे कड्या लागल्याचे आवाज. लतिका क्लिपबोर्ड घेऊन रिकाम्या पॅसेजमधून फिरत होती. अकरा मिनिटांनी ड्रिल संपल्याची घोषणा झाली. दारं उघडली, गलका झाला. दुसऱ्या मजल्यावरची संगीताची खोली उघडली नाही.

"रिकामीच असते ती या तासाला," कुणी तरी म्हणालं.

हव्वाबी फरशीवर वाकली. "बाई, आत कोन तरी हाय. दाराखाली सावली हलतेय."

अकरावीच्या वर्गात एक मुलगी कमी होती.

उपेंद्र आला, दोन शिपाई आले. दार आग थोपवायचं, जाडजूड. शिपायांनी खांदे लावून पाहिले. उपेंद्रनं घड्याळ बघितलं. "राहू दे. किती वेळ बसेल? भूक लागली की येईल बाहेर."

"सिव्हिल डिफेन्सला फोन करा, बंबवाले दार तोडतील," लतिका म्हणाली.

"आणि पेपरात नाव आणू शाळेचं? खलास होईल सगळं. पाच मिनिटं थांबा, वहिनी."

ती थांबली नाही. तिनं फोन काढून नंबर दाबायला घेतला, तोच आतून आवाज आला. "मॅम, पोलिसांना नका बोलवू. प्लीज. बाबांचा व्हिसा."

लतिका दारापाशी खाली बसली. पंजाबी ड्रेस, गळ्यात आयकार्ड, मांडीवर क्लिपबोर्ड. आत मुलगी रडायला लागली होती.

"रडू दे तिला," हव्वाबी हलक्या आवाजात म्हणाली. "रडतेय म्हंजे हाय."

आधी लतिका जे शिकली होती ते बोलली. आवाज शांत, वाक्यं लहान. आतून उत्तर आलं नाही. वीस मिनिटं गेली. मग तिचा तो शिकलेला आवाज संपला आणि खाली जे होतं ते वर आलं.

"मैथिली, तू माझ्याकडे आली होतीस. दोनदा. दुसऱ्यांदा मी तुला परत पाठवलं. नोकरी जाईल म्हणून घाबरले. तुझं चुकलं नव्हतं. माझं चुकलं. आता मी उठणार नाही. तू उघड, नको उघडू, मी इथंच आहे."

उपेंद्रनं मान दुसरीकडे वळवली. बरंच झालं, कारण लतिकानं त्या वेळी त्याच्याकडे पाहिलं असतं तर काय केलं असतं सांगता येत नाही.

आणखी पंधरा मिनिटांनी कडी सरकली. मैथिलीला काही झालेलं नव्हतं. ती तबल्यांच्या गवसण्यांमध्ये पाय पोटाशी घेऊन बसली होती. "मला नुसतं दार लावून बसायचं होतं," ती म्हणाली. "मग उघडताच येईना." म्हणजे कडी अडकली, की दुसरं काही, हे लतिकानं विचारलं नाही. वडील घ्यायला आले ते मुलीचा दंड धरून तरातरा घेऊन गेले. हिला आज एकटं ठेवू नका, असं लतिका त्यांच्या मागून चालत जाऊन दोनदा म्हणाली. त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी शैलेंद्र तिला आणि अवनीला शाळेत सोडत होता. अकरा वाजता मीटिंग होती, आणि उपेंद्रचा त्याला आदल्या दिवशीच फोन येऊन गेला होता.

"सही कर आणि मोकळी हो," शैलेंद्र म्हणाला. "चूक कुणाची ते सगळ्यांना माहितीय. पण आपल्याला एकच वर्ष काढायचंय. हिची बारावी झाली की मग तू वाटेल ते कर, मी काही बोलणार नाही."

लतिका त्याच्याकडे वळली. "काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हण? हिची बारावी झाली की..."

मागच्या सीटवर अवनीनं कानातून इअरफोन काढले होते. "आय कॅन हिअर यू, यू नो," ती म्हणाली.

प्रिन्सिपल साजिदा मॅडम हैदराबादच्या. थकलेल्या, वाईट नसलेल्या बाई. त्यांच्या केबिनमध्ये मैथिलीचे आईवडील बसले होते. मैथिलीला हव्वाबीजवळ लायब्ररीत बसवलं होतं. उपेंद्रनं टाइप केलेला अहवाल टेबलावर सरकवला.

"आप पहले बैठो, लतिका," साजिदा मॅडम म्हणाल्या. "पढ लो आराम से."

अहवाल एका पानाचा होता. विद्यार्थिनीनं सुरक्षा साधनाचा जाणूनबुजून गैरवापर केला. तिच्याबद्दल पूर्वी कोणतीही तक्रार अथवा मदतीची मागणी आलेली नव्हती. कड्या सेफ्टी को-ऑर्डिनेटरच्या देखरेखीखाली बसवल्या व तपासल्या. शिस्तभंगाबद्दल टीसी देण्यात यावी. सोबत फेब्रुवारीच्या ड्रिलचा फॉर्म जोडला होता. 'सर्व दारे बाहेरून उघडता येतात काय?' या रकान्यात 'होय' असं ऑफिसातल्या कुणाच्या तरी अक्षरात होतं. खाली लतिकाची सही.

"शिस्तीच्या कारणावरून टीसी दिली तर हिला बारावीला इथं कुठलीच शाळा घेणार नाही," लतिका म्हणाली.

"आम्हाला मान्य आहे," मैथिलीचे वडील म्हणाले. त्यांचे डोळे झोप न झालेल्या माणसाचे होते. "कोल्हापूरला माझ्या भावाकडे पाठवतोय. शिस्तीचंच लिहा. ते दुसरं काही लिहू नका. मुलगी द्वाड आहे म्हटलं तर लोक विसरतात. दुसरं म्हटलं की विसरत नाहीत."

"तिला मदत लागेल."

"मदत म्हणून तुम्ही फोन केलात, त्यानंतरच हे सुरू झालं."

लतिकानं फॉर्म हातात घेतला. "ही सही माझी आहे."

"तेच तर म्हणतोय," उपेंद्र म्हणाला.

"कोऱ्या फॉर्मवर केली होती. एप्रिलमध्ये. तेव्हा कड्याच नव्हत्या."

"हे तुम्ही बाहेर सांगणार? मग तुम्ही कोऱ्या कागदावर सह्या करता, असं लिहू का अहवालात?" तो मागं टेकला. "घरातली गोष्ट आहे, वहिनी. घरातच ठेवा."

"लिहा," लतिका म्हणाली. आवाज इतका खाली आला होता की मैथिलीची आई पुढं वाकली. "नको, तुम्ही नका लिहू. माझं मी लिहिते."

तिनं साजिदा मॅडमच्या टेबलावरचं पेन उचललं. अहवालाचं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. दर एप्रिलमध्ये मी बारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करत आले, ही माझी चूक आहे. या कड्यांना मी मीटिंगमध्ये विरोध केला होता. या मुलीनं दोनदा मदत मागितली; पहिल्या वेळेनंतर शाळेनं मला लेखी थांबवलं, दुसऱ्या वेळी मी स्वतः तिला परत पाठवलं. तिनं शिस्त मोडलेली नाही. तिला इथंच ठेवून उपचार मिळायला हवेत. या खोलीबाहेर कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. खाली तिनं सही केली, तारीख घातली, आणि पर्समधून उपेंद्रचं पत्र काढून त्यावर ठेवलं.

साजिदा मॅडमनी सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "ये कागज फाइल में जाएगा तो," त्या उपेंद्रकडे न बघता म्हणाल्या, "टीसी मैं नहीं दे सकती."

"फाइलमध्ये जायलाच कशाला हवं?" उपेंद्र म्हणाला.

"मेरे हाथ में है न. जाएगा."

मैथिलीचे वडील उठून उभे राहिले. हे काय चाललंय, माझ्या मुलीचं नाव असं कागदावर कुणी चढवायचं, कोणत्या अधिकारात. त्यांचा आवाज वाढत गेला आणि मध्येच फुटला. त्यांच्या बायकोनं तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. नवऱ्याशी नाही, लतिकाशी.

"कुणाकडे न्यायचं तिला?"

"तू गप्प बस," नवरा म्हणाला.

"काल रात्रभर मी तिच्या उशाशी बसले होते. तुम्ही नव्हता." ती लतिकाकडेच बघत होती. "कुणाकडे?"

लतिकानं क्लिपबोर्डवरचा कागद फाडून त्यावर एका डॉक्टरीणबाईंचं नाव आणि नंबर लिहिला, आणि खाली स्वतःचा. मैथिलीच्या आईनं तो घडी न घालता हातात धरून ठेवला.

उपेंद्र आता हसत नव्हता. "ठीक आहे. तिचं झालं. तुमचं काय, वहिनी? हे लिहिल्यावर उद्या तुम्हाला इथं ठेवता येणार नाही, तुम्हालाही कळतंय. अवनीची फी पुढच्या महिन्यापासून पूर्ण लागेल. ती भरणार कशी? शैलेंद्रला विचारलंत? त्याची काय अवस्था आहे ते मला ठाऊक आहे. बसा. अजून फाइलमध्ये गेलेलं नाही. मी चहा मागवतो. शांतपणे बोलू."

लतिकानं पेनला टोपण लावलं आणि ते साजिदा मॅडमच्या टेबलावर जिथून उचललं होतं तिथं ठेवलं. पर्स खांद्याला लावली.

"वहिनी, मी काय म्हणतोय? बसा."

तिनं दार उघडलं आणि ती बाहेर पडली.